स्वतःलाच न उमगलेले पुस्तक

गेल्या पावसाळ्यात पोटमाळ्यावर पाणी ठिबकू लागले, म्हणून तेथली जुनी पत्र्याची पेटी खाली उतरवावी लागली. पेटीत लग्नपत्रिका, चर्चच्या महोत्सवाची स्मरणिका, मुलांची प्रगतिपुस्तके असा संसाराचा गाळ होता, आणि तळाशी आमचाच एक लेख होता. चाळीसएक वर्षांपूर्वी, एम. ए. ची परीक्षा नुकतीच आटोपली असताना, श्रद्धा आणि अस्तित्ववाद या विषयावर आम्ही तो लिहिला होता. कॉलेजात शिकणाऱ्या नातीने तो मोठ्याने वाचावयास घेतला. पहिल्याच परिच्छेदात 'अस्तित्वलक्षी परात्मतेचे सत्ताशास्त्रीय अधिष्ठान' अशी शब्दांची माळ आली. तेथे ती थांबली आणि म्हणाली, "आजोबा, म्हणजे काय हो?" आम्ही चष्मा पुसला, कागद हाती घेतला, मागचे वाक्य वाचले, पुढचे वाचले. आम्हांलाही अर्थ लागेना.

नात हसली. आम्हीही हसलो, पण त्या रात्री झोप लवकर आली नाही. ज्या लेखासाठी एके काळी पाठीवर शाबासकीची थाप पडली होती, त्यात आपण काय म्हटले होते हे आपल्यालाच सांगता येऊ नये. आणि नव्याने सांगावे म्हटले तर आता फारशी वर्षेही हाती नसावीत, या दोन्ही गोष्टी एकदमच मनाला लागल्या. अंथरुणावर पडल्या पडल्या संत ऑगस्टीन यांची आठवण झाली. त्यांच्यावर हाच प्रसंग ओढवला होता, आणि त्यांनी तो झाकून ठेवला नव्हता.

आपल्या कुटुंबांना ऑगस्टीन यांची ओळख बहुधा संत मोनिकेच्या अश्रूंतून होते. 27 ऑगस्टला आईचा सण आणि 28 ला मुलाचा. वाट चुकलेला मुलगा, रडणारी आई, बागेतले परिवर्तन, संत अँब्रोज यांच्या हातून झालेला स्नानसंस्कार; येथवर कथा सर्वांना पाठ असते. परंतु हा मुलगा पोटासाठी काय करीत होता, हे आपण सहसा विचारीत नाही. तो भाषेचा धंदा करीत होता.

13 नोव्हेंबर 354 रोजी उत्तर आफ्रिकेतील तागास्ते या लहान गावी त्यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची. पण मुलगा हुशार, म्हणून बापाने ओढाताण करून त्याला मदौरा व पुढे कार्थेज येथे शिकविले. त्या काळी शिक्षण म्हणजे मुख्यत्वे वक्तृत्वशास्त्र. ज्याला सिसेरोच्या घाटाची लॅटिन बोलता येई, त्याला न्यायालये, दरबार, सरकारी पदे खुली होत. तरुण ऑगस्टीन यांनी बायबल उघडून पाहिले तेव्हा सिसेरोच्या भारदस्त शैलीपुढे ते त्यांना अगदीच गावठी वाटले व त्यांनी ते मिटून ठेवले. ही कबुली त्यांचीच आहे. त्या शाळांतील व्याकरणपंडितांचे जे चित्र त्यांनी आपल्या 'कन्फेशन्स'मध्ये काढले आहे, ते वाचताना आजही हसू येते. 'होमो' म्हणजे माणूस. या शब्दातला 'ह' गाळून कोणी 'ओमो' म्हटले तर विद्वानांना तो मोठा अपराध वाटे. मात्र एखादा माणूस दुसऱ्या माणसाचा द्वेष करीत असला, तर त्याचे त्यांना तेवढे वाटत नसे! 'ण' चा 'न' झाला म्हणून शाळेत हशा सोसलेली मुले आपल्याही गावांत कमी नाहीत; त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

गंमत अशी की, 384 साली मिलान येथे, जेथे सम्राटाचा दरबार होता तेथे, वक्तृत्वाचे प्राध्यापक झाल्यावर ऑगस्टीन यांच्याच आफ्रिकी उच्चारांना इटलीतले लोक नावे ठेवीत. दुसऱ्यांना शुद्ध बोलावयास शिकविणारा स्वतः अशुद्ध ठरत होता. अशा माणसाच्या लेखणीत अवघडपणा शिरतो तो बहुधा याच वाटेने. आपण कमी नाही हे दाखवावयाचे असते. आमच्या त्या लेखातही, आता प्रामाणिकपणे पाहता, विषयापेक्षा ही धडपडच अधिक होती.

386 साली त्यांनी छातीच्या दुखण्याचे निमित्त करून प्राध्यापकी सोडली आणि काही मित्र, मुलगा व आई यांच्यासह ते मिलानजवळच्या कासिसियाकुम या खेड्यात जाऊन राहिले. तेथे त्यांनी तत्त्वचर्चेची काही पुस्तके रचली. पुढल्या वर्षी मिलानला परतल्यावर, स्नानसंस्काराच्या सुमारास, त्यांनी आत्म्याच्या अमरत्वावर एक छोटे टिपण लिहिले. वय बत्तीस वर्षांचे. ते टिपण त्यांनी स्वतःपुरते, अर्धवट राहिलेल्या दुसऱ्या एका पुस्तकाची आठवण म्हणून लिहिले होते. पण कसे कोण जाणे, त्यांच्या मनाविरुद्ध ते लोकांच्या हाती पडले आणि त्यांच्या ग्रंथांत गणले जाऊ लागले. हे टिपण पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून त्याची येथे नोंद करून ठेवतो.

मग हिप्पो आले. आजच्या अल्जीरियातील अन्नाबा हे बंदर, तेच त्या काळचे हिप्पो. 391 साली ऑगस्टीन तेथे आले असता चर्चमधल्या लोकांनी त्यांना धरून पुढे नेले व धर्मगुरू करविले. ऑगस्टीन रडले. बिशप वालेरियुस हे वृद्ध होते, जन्माने ग्रीक होते, आणि त्यांची लॅटिन कच्ची होती. आफ्रिकेत बिशपांसमोर साध्या धर्मगुरूने प्रवचन करण्याची रीत नव्हती. वालेरियुस यांनी ती मोडून या नव्या धर्मगुरूला बोलावयास लावले. एका परदेशी म्हाताऱ्याच्या भाषिक अडचणीतून ख्रिस्तसभेला तिचा थोर प्रवचनकार लाभला, असे म्हणावयास हरकत नाही.

समोरचा समाज मिलानचा नव्हता. बंदरावरची माणसे, शेतकरी, व्यापारी, दासदासी, आणि त्यांतले पुष्कळजण घरी प्युनिक भाषा बोलणारे. लोक उभे राहून ऐकत आणि वक्ता बसून बोले. एका प्रवचनात ऑगस्टीन यांनी एक प्युनिक म्हण सांगावयास घेतली आणि सर्वांना प्युनिक येत नाही म्हणून ती लॅटिनमध्ये सांगितली. असे लोक टाळ्या वाजवीत, ओरडत, कंटाळले की चुळबुळ करीत. प्राध्यापकाला इतका कडक परीक्षक पूर्वी कधी भेटला नसेल.

393-94 च्या सुमारास त्यांनी एक गोष्ट केली, ती आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांना विशेष जवळची वाटावी. दोनातुसपंथीयांच्या फुटीमुळे तेव्हा आफ्रिकेतील ख्रिस्तसभा दुभंगली होती. तो वाद अगदी अडाणी माणसालाही कळावा, तोंडपाठ व्हावा, म्हणून ऑगस्टीन यांनी एक गीत रचले. प्रत्येक कडवे वर्णमालेतील पुढल्या अक्षराने सुरू होते आणि कडव्याशेवटी लोकांनी म्हणावयाचे धृपद येते. सिसेरोच्या या शिष्याने अभिजात वृत्त मुद्दाम टाळले. कारणही त्यांनी नोंदवून ठेवले आहे. वृत्ताची गरज भागविताना लोकांच्या वापरात नसलेले शब्द घालण्याची पाळी येऊ नये, एवढेच ते कारण.

याच्याशी जुळणारा विचार बाराशे वर्षांनी आपल्या भूमीवर पुन्हा प्रकटला. फादर थॉमस स्टीफन्स हे 1549 मध्ये जन्मलेले इंग्रज जेज्वीट, 1579 साली गोव्यास आले. त्यांचे ख्रिस्तपुराण राचोल येथे 1616 साली छापले गेले, तेव्हा ते सदुसष्टीच्या घरात होते. त्याच्या गद्य प्रस्तावनेत ते सांगतात की, मराठी ही देवाच्या गोष्टी सांगावयास योग्य भाषा वाटली. पण शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द सोडून ठिकठिकाणी सोपे, बोलीतले शब्द मिसळले. रोममध्ये शिकलेला हा लॅटिन पंडित परक्या मुलखात म्हातारा झाला आणि म्हातारपणी ओवी सोपी करीत बसला. ऑगस्टीन यांचे ते गीत त्याला ठाऊक होते की नव्हते, हा प्रश्न आमच्या मते गौण आहे. दोघांसमोर माणसे एकाच प्रकारची उभी होती.

आता थोडे कंटाळ्याविषयी. धर्मशिक्षणाचा वर्ग ज्यांनी कधी घेतला असेल त्यांनी ऑगस्टीन यांचे एक लहानसे पुस्तक अवश्य मिळवून वाचावे. ते 400 च्या सुमाराचे आहे. कार्थेजचे देओग्रातियास नावाचे उपदीक्षित नवागतांना श्रद्धेची ओळख करून देत. त्यांनी तक्रार केली की, तेच तेच सांगून आपले बोलणे आपल्यालाच नीरस वाटू लागते. ऑगस्टीन यांनी त्यांना उपदेशाचा डोस पाजला नाही. माझेही मला बहुतेक वेळा आवडत नाही, असे त्यांनी आधी सांगून टाकले. मनात कल्पना विजेसारखी चमकून जाते आणि जीभ मागून रखडत येते, हे दुःख त्यांनाही होते. मग त्यांनी जो उपाय सांगितला, तो आमच्या मते साऱ्या अध्यापनशास्त्रापेक्षा मोलाचा आहे. आपल्या गावातल्या ज्या जागा आपण रोज न पाहता ओलांडतो, त्याच परगावच्या मित्राला दाखविताना त्याच्या आनंदाने आपल्यालाही नव्या वाटू लागतात; शिकविताना तसेच व्हावे. ऐकणारा उभा राहून दमला असेल तर त्याला बसावयास आसन द्या, असेही ते सुचवितात. आणि पंडितांच्या शाळेतून आलेल्या नवागताला काय शिकवावे? बिशप किंवा धर्मसेवक प्रार्थना करताना व्याकरणात चुकले तर हसू नये, हे. चौदा वर्षांपूर्वी हा शिक्षक त्या शाळेचाच प्राध्यापक होता, हे ध्यानात ठेवून ही ओळ वाचावी.

सोपे लिहिणे म्हणजे उथळ लिहिणे नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. नाही तर आमचे प्राध्यापक मित्र रागावतील. पवित्र त्रैक्यावरील ऑगस्टीन यांचा ग्रंथ अवघडच आहे. तो त्यांनी तरुणपणी आरंभिला आणि म्हातारपणी पुरा केला. मध्यंतरी काहीजणांनी अपुरी प्रत पळवून परस्पर नकलाही करून घेतल्या. तो थोड्यांनाच समजेल असे त्यांनी एका पत्रात स्पष्ट लिहिले आहे, आणि म्हणून अधिक लोकांच्या उपयोगी पडणारे काम आधी हाती घेण्याकडे त्यांचा कल होता. तेथे अवघडपणा विषयातून आलेला आहे. लेखकाला मोठे दिसावयाचे असते म्हणून जो अवघडपणा येतो त्याची जात निराळी. ती ओळखावयास मात्र वर्षे जावी लागतात.

26 सप्टेंबर 426 रोजी हिप्पोच्या 'शांती' नावाच्या बॅसिलिकेत लोक जमले होते. ऑगस्टीन यांना बहात्तरावे वर्ष चालू होते. आपल्यामागून धर्मगुरू एराक्लियुस यांनी बिशपपदी यावे, ही आपली इच्छा त्यांनी त्या दिवशी जाहीर केली. प्रारंभी ते वयाविषयी बोलले. बालपणात किशोरवयाची आशा असते, किशोरवयात तारुण्याची, तारुण्यात प्रौढपणाची, आणि प्रौढपणात वार्धक्याची. वार्धक्यानंतर मात्र वाट पाहावी असे दुसरे वय उरत नाही. ऐन उमेदीत आपण या नगरात आलो आणि आता म्हातारे झालो, असे त्यांनी साधेपणाने सांगितले. लघुलेखक सारे टिपून घेत होते. लोकांनी कोणता घोष किती वेळा केला याचीही नोंद उरली आहे. देवाला धन्यवाद व ख्रिस्ताला स्तुती हा घोष तेवीस वेळा झाला, ऑगस्टीन यांना आयुष्य लाभो ही विनवणी सोळा वेळा. आयुष्य सरत आल्याचे सांगणाऱ्या म्हाताऱ्यापुढे त्याचीच माणसे सोळा वेळा आयुष्य मागत आहेत, हे दृश्य डोळ्यांपुढे आणले की मन हलते. त्या एराक्लियुस यांचे ऑगस्टीन यांच्यासमोर केलेले एक प्रवचनही उपलब्ध आहे. ते नटवे आहे. हंस मौन धरून बसला असता रातकिडा किरकिरतो आहे, अशी स्वतःची तुलना त्यात आहे. आपल्या जागी येणारा तरुण आपण तिशीत बोलत होतो तसाच बोलतो आहे, हे ऐकताना म्हाताऱ्या ऑगस्टीन यांना काय वाटले असेल?

कारभाराच्या कटकटीतून मोकळीक मागून त्यांनी त्या काळात जे काम धरले, ते जगाच्या वाङ्मयात विरळा आहे. आपली सारी पुस्तके, अगदी पहिल्यापासून, त्यांनी पुन्हा वाचावयास घेतली आणि प्रत्येकात कोठे चुकलो, कोठे उतावळेपणा झाला, ते लिहून ठेवले. 'रेत्राक्तात्सिओनेस' म्हणजे 'पुनरवलोकन' हे त्या पुस्तकाचे नाव. 426-27 या काळात त्यांनी अशा 93 कृती, म्हणजे 232 पुस्तके, तपासली. त्या काळी एका गुंडाळीत मावेल तेवढे 'एक पुस्तक' गणले जाई, हे लक्षात घेतले तरी ढीग मोठाच होता. दिवसा एका विरोधकाला उत्तर लिहावयाचे आणि रात्री आपली जुनी पुस्तके तपासावयाची, असा क्रम त्यांनी एका पत्रात सांगितला आहे. सत्तरी उलटलेला माणूस, तेलाचा दिवा, आणि समोर चाळीस वर्षांपूर्वीचा आपलाच उर्मटपणा!

या तपासणीत ते बत्तिसाव्या वर्षीचे टिपण पुन्हा त्यांच्या हाती आले. त्याविषयी त्यांनी लिहिले आहे की, युक्तिवादाची पिळवटून केलेली गुंफण आणि आखूडपणा यांमुळे ते इतके दुर्बोध झाले आहे की वाचताना आपलेही लक्ष थकते आणि आपल्यालाच ते जेमतेम समजते. ख्रिस्तसभेचा आचार्य हे लिहितो आहे. त्यांना ते टिपण गुपचूप यादीतून वगळता आले असते. किंवा विषयच गहन आहे, असे म्हणता आले असते. 'कन्फेशन्स'लाही त्यांनी सोडले नाही. ते पुस्तक वाचताना आपले मन अजूनही हलते असे ते सांगतात. परंतु तरुणपणी वारलेल्या मित्राच्या शोकात त्यांनी एक चटकदार वाक्य लिहिले होते, ते मात्र त्यांना आता मनापासूनची कबुली न वाटता वक्त्याची हलकी आतषबाजी वाटली. लोकांनी ज्यावर अश्रू ढाळले असतील असे ते वाक्य. ते खोडून टाकले नाही. फक्त खाली खूण केली.

याच शोधाशोधीत एक अर्धवट ग्रंथ सापडला. पवित्र शास्त्र समजावे कसे व समजवावे कसे, या विषयावर 396 च्या सुमारास लिहावयास घेतलेला आणि तिसऱ्या भागाच्या मध्यावर सोडलेला. तीस वर्षांनी त्यांनी तो पुरा केला. त्याचा चौथा भाग बोलण्याविषयी आहे. त्यात सिसेरो आहेच. शिकविणे, रिझविणे आणि हृदय हलविणे हे वक्त्याचे तीन हेतू त्याच्याकडूनच घेतले आहेत. पण पहिल्या हेतूचे वजन आता वाढले आहे. संभाषणात माणूस मध्येच विचारू शकतो, चर्चमध्ये त्याला ती सोय नसते. म्हणून बोलणाऱ्याने चेहऱ्यांकडे पाहत राहावे, समजले असे दिसेपर्यंत गोष्ट फिरवून फिरवून सांगावी, आणि समजताच पुढे जावे. सिसेरोचीच 'जाणूनबुजून केलेली हयगय' ही कल्पना ते उसनी घेतात आणि तिला नव्या कामाला लावतात. उदाहरण 139 व्या स्तोत्रातले आहे. लॅटिनमध्ये 'ओस' म्हणजे हाडही आणि तोंडही. फरक केवळ स्वराच्या लांबीचा, आणि आफ्रिकेच्या कानांना ती लांबी कळत नसे. बाजारातले लोक हाडाला 'ओस्सुम' म्हणत. शब्द अशुद्ध, पण अर्थाला पक्का. धर्मशिक्षकाने खुशाल 'ओस्सुम' म्हणावे, असा निकाल मिलानच्या जुन्या प्राध्यापकाने दिला.

टाळ्यांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता, याची साक्षही त्याच भागात आहे. 418 साली ते सिझेरिया येथे गेले होते. त्या नगरात वर्षातून एकदा नागरिकांचे दोन तट पडत आणि बापलेक, भाऊभाऊ एकमेकांवर दगड चालवीत. दिवसचे दिवस हे चाले, माणसे मरत. ऑगस्टीन आपली सारी ताकद लावून बोलले. लोकांनी वाहवा केली, तोवर काही साधले असे त्यांना वाटले नाही. लोक रडू लागले तेव्हा वाटले. आठ वा अधिक वर्षे झाली, तसे पुन्हा घडलेले नाही, असे ते मोठ्या समाधानाने नमूद करतात.

429 साली व्हँडल टोळ्या समुद्र ओलांडून आफ्रिकेत उतरल्या आणि 430 मध्ये हिप्पोला वेढा पडला. ऑगस्टीन तापाने अंथरुणाला खिळले. त्यांचे स्नेही बिशप पोसिदियुस सांगतात की, पश्चात्तापाची स्तोत्रे लिहिलेले कागद त्यांनी भिंतीला लावून घेतले होते आणि शेवटचे दहाएक दिवस वैद्य व जेवण आणणारे यांच्याशिवाय कोणाला आत येऊ दिले नाही. 28 ऑगस्ट रोजी ते गेले. मृत्युपत्र नव्हते, कारण मागे ठेवण्यासारखे काही नव्हते. ग्रंथालय मात्र जपावे, अशी त्यांची आज्ञा होती. ते वाचले.

पुनरवलोकन पुरे झाले नाही. ग्रंथ तपासून झाले होते, पत्रे आणि प्रवचने राहिली. प्रवचने पाचशेहून अधिक उरली आहेत. 1990 साली फ्रांस्वा दोलबो या फ्रेंच संशोधकाला जर्मनीतील माइन्झच्या ग्रंथालयात आणखी सव्वीस सापडली, तेव्हा जगभरच्या अभ्यासकांना घबाड मिळाल्यासारखे झाले. लेखकाचा सुधारणारा हात त्यांवरून फिरलेला नाही. 139 व्या स्तोत्रावरील प्रवचनात 'ओस्सुम' जसेच्या तसे आहे.

आमचा लेख नातीने परत पेटीत ठेवू दिला नाही. न समजलेल्या जागी तिने पेन्सिलीने रेघा मारून दिल्या. एकंदर सतरा रेघा आहेत. त्यांपैकी चार जागी आपल्याला काय म्हणावयाचे होते ते आम्ही तिला सांगू शकलो आहोत. पाचवीवर आठवडाभर अडलो आहोत.